सातबाऱ्यावाचून शेतीची सेवा

ज्यांच्या घराण्याच्या नावे कोणत्याही गावच्या दप्तरात एक गुंठाही जमीन नोंदलेली नाही, ज्यांनी पेरणी पाहिली ती आगगाडीच्या खिडकीतून, आणि तरीही आपले शिक्षण शेतकऱ्याच्या उपयोगी पडावे व आपला चरितार्थही त्यातूनच चालावा असे ज्यांना मनापासून वाटते, अशी तरुण माणसे आपल्या शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून ठिकठिकाणी भेटतात. त्यांत कोणी वाणिज्य शाखेचा पदवीधर असतो, कोणी रसायनशास्त्र शिकलेली असते, कोणी यंत्रविद्येचा अभियंता असतो. इच्छा शुद्ध असते, शिक्षणही बरे झालेले असते. परंतु ज्याने कधी चाड्यावर मूठ धरली नाही त्याने शेतकऱ्याच्या संसारात कोणत्या नात्याने शिरावे, या शंकेपाशी त्यांचे पाऊल अडते. ही शंका अनाठायी नाही, आणि तिचे उत्तर केवळ उत्साहाने देता येणार नाही. ते आपल्या कायद्यांत आणि आपल्या सहकाराच्या इतिहासात शोधावे लागते.

राज्याच्या मोठ्या भागाला लागू असलेल्या १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये, जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन खरेदी करता येत नाही. जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी, पैशाच्या बळावर ती त्याच्याकडून निसटू नये, या हेतूने हा निर्बंध घातला गेला आणि तो हेतू रास्तच होता. याच्या जोडीला दुसरी एक तरतूद वाचण्याजोगी आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ‘उत्पादक कंपनी’ हा प्रकार अस्तित्वात आला. दहा किंवा अधिक शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ती स्थापन करावी, आणि कोणाचे भाग थोडे असोत वा अधिक, सर्वसाधारणपणे प्रत्येक सभासदाला मत एकच असावे, अशी तिची रचना आहे. याच कायद्याने असेही बंधन घातले आहे की, अशा कंपनीस पूर्ण वेळ काम करणारा मुख्य कार्यकारी अधिकारी असलाच पाहिजे, आणि संचालक मंडळाने तो सभासदांच्या बाहेरून नेमला पाहिजे.

एका कायद्याने जमिनीच्या मालकीची वाट अरुंद केली, तर दुसऱ्याने शेतकऱ्यांच्या कचेरीत बाहेरच्या माणसासाठी एक जागा मुद्दाम राखून ठेवली. या दोहोंचा मेळ घातला म्हणजे बिगरशेतकऱ्याचे शेतीतील स्थान निश्चित होते. शेत शेतकऱ्याचे, मालकी त्याची, निर्णयाचा अखेरचा शब्द त्याचा. आणि त्याच्या मालाचा हिशेब, साठवण, परीक्षा व विक्री सांभाळणारा माणूस त्याने नेमलेला, त्याच्या पगाराचा आणि त्याला जाब देण्यास बांधलेला. ज्याला या क्षेत्रात यायचे आहे त्याने कोणती तरी एक विद्या पुरती हस्तगत करून यावे, आणि जेथे शेतकरी त्याला प्रश्न विचारू शकेल व प्रसंगी कामावरून दूरही करू शकेल अशाच ठिकाणी ती विद्या खर्ची घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला पूर्वाधार भरपूर आहे. प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना काढण्याचा संकल्प सोडला, तेव्हा त्यांच्यापाशी लोकांचा विश्वास होता आणि गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा करण्याची जिद्द होती; परंतु लाखो रुपयांचा कारखाना शेतकरी चालवू शकतील ही खात्री सरकारला व बँकांना पटवून देण्यासाठी अर्थव्यवहाराचा जाणकार लागत होता. तो त्यांना पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत मिळाला. धनंजयराव गाडगीळ हे तेथील संचालक. त्यांचे आयुष्य ग्रंथांत, आकडेवारीत आणि अध्यापनात गेलेले. त्यांनी प्रवरेच्या कारखान्याचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले, १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि पुढे सुमारे दहा वर्षे त्यांनी ती जबाबदारी वाहिली. अर्थशास्त्रज्ञाने उसाची लागण कशी करावी हे सांगितले नाही. उसाच्या पैशाचा हिशेब कसा राखावा, भाव कसा ठरवावा आणि सभासदाचा भरवसा कशाने टिकतो हे त्याने पाहिले.

त्याच सुमारास, तेव्हा मुंबई प्रांतातच असलेल्या खेडा जिल्ह्यात असाच दुसरा योग जुळून आला. वर्गीज कुरियन हे केरळातील, शिक्षणाने अभियंते. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आल्यामुळे नोकरीची अट पुरी करण्यासाठी १३ मे १९४९ रोजी ते आणंदच्या सरकारी दूधशाळेत रुजू झाले, आणि मुदत सरताच निघून जावे असा त्यांचा विचार होता. त्रिभुवनदास पटेलांनी १९४६ मध्ये उभारलेल्या दूध उत्पादक संघाची यंत्रे वारंवार बिघडत होती. ती दुरुस्त करून देण्याच्या निमित्ताने कुरियन संघात आले आणि आयुष्यभराचे तेथले झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी करणे व्यवहार्य नाही असा जाणत्यांचा समज असता हरिचंद दलाया यांच्या तंत्रज्ञानाच्या बळावर १९५५ साली आणंदला ती होऊ लागली, आणि पुष्टकाळात उरणाऱ्या दुधाचे करायचे काय या उत्पादकांच्या जुन्या चिंतेला तोड निघाली. एवढी कीर्ती मिळूनही कुरियन स्वतःस शेतकऱ्यांचा नोकर म्हणवीत, आणि ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

तिसरे उदाहरण पुरंदर तालुक्यातील आहे. विलासराव साळुंखे हे पुण्यातील अभियंते व कारखानदार. सूक्ष्म मापनाची उपकरणे बनवणे हा त्यांचा व्यवसाय. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे शेतकरी त्यांनी पाहिले, आणि नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेऊन पाणी अडवण्या-जिरवण्याचा प्रयोग मांडला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम लक्षपूर्वक वाचावेत असे आहेत: पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकर भिजेल इतकेच पाणी, भूमिहीनालाही वाटा, योजनेच्या खर्चाचा एक हिस्सा सभासदांनी स्वतः उचलावा, आणि ऊस लावू नये. ज्या माणसाने उभी हयात माप अचूक असावे यासाठी घालवली, त्याने तीच अचूकता पाण्याच्या वाटणीत आणली. शरद जोशींची कहाणीही याच जातीची आहे. टपाल खात्यातील अधिकारपद आणि त्यानंतर बर्न येथील जागतिक टपाल संघटनेतील नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला आले, कोरडवाहू शेती केली, तिचा जमाखर्च काटेकोर मांडला, आणि शेतीतील तोटा हा शेतकऱ्याच्या आळसाचा नसून मिळणाऱ्या भावाचा आहे या निष्कर्षावर १९७९ साली शेतकरी संघटना उभी केली.

ही माणसे असामान्य होती हे खरे, आणि प्रत्येकाने त्यांच्याएवढे कार्य करावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु त्यांच्या यशाचे कारण असामान्यत्वात जितके होते तितकेच एका साध्या विवेकात होते. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपली मूळची विद्या टाकून न देता तीच शेतकऱ्याच्या कामी लावली, आणि प्रत्येकाच्या पाठीशी कोणी विखे पाटील, कोणी त्रिभुवनदास, कोणी गावची पंचायत असा भूमीत रुजलेला आधार होता. हा विवेक सामान्य पदवीधरालाही साध्य आहे.

आता आजची कामे पाहू. त्यांतील पहिले व सर्वांत निकडीचे काम हिशेबाचे आहे. सोयाबीनच्या हंगामात एखाद्या उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्रावर तासभर उभे राहिले तर त्याचे महत्त्व कोणालाही पटेल. मळणी होऊन आलेली पोती काट्यावर चढतात, पोत्यातून परखीने मूठभर दाणे काढले जातात, ओलावा मोजण्याच्या यंत्रात ते घातले जातात आणि आकडा उमटतो: १६. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या खरिपात ती सोयाबीनसाठी १५ पर्यंत शिथिल करावी लागली होती. १६ टक्के ओलाव्याच्या एक क्विंटल मालात कोरडा ऐवज ८४ किलो असतो, आणि तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन सुमारे साडेपंच्याण्णव किलो भरते. म्हणजे न्याय्य घट क्विंटलमागे साडेचार किलोची झाली. याहून अधिक जे कापले जाते ते शेतकऱ्याच्या पदरचे जाते, आणि हे गणित मांडणारा माणूस काट्यापाशी नसेल तर ते निमूटपणे जाते. बारदाना, हमाली, तोलाई यांच्या वजाती पट्टीवर कशा दाखवल्या आहेत हे वाचून सभासदाला समजावून देणे, याला शेतीचे नव्हे, वाणिज्याचे शिक्षण लागते.

हिशेबाला लागूनच साठवणुकीचे काम येते. मळणी होताच सर्वांचा माल एकदम बाजारात उतरतो आणि भाव पडतो. ज्याला उसनवारी फेडायची आहे त्याला थांबता येत नाही. यासाठी राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांच्या मुदतीने, ६ टक्के व्याजाने मिळते. ८०,००० रुपयांच्या सोयाबीनवर ६०,००० रुपये हाती आले आणि चार महिन्यांनी माल विकला तर व्याज होते १,२०० रुपये; भाववाढ याहून अधिक होईल की नाही, एवढाच हिशेब शेतकऱ्याने करायचा उरतो. तथापि योजना असणे आणि ती पदरात पडणे यांत अंतर असते, आणि ते अंतर अर्ज, दाखले, गोदामाची पावती व मालाची प्रतवारी जाणणारा माणूस भरून काढतो.

दुसरे मोठे क्षेत्र परीक्षणाचे आहे. रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यास माती, पाणी, पाने, दूध, फळांतील कीटकनाशकांचे अंश अशा कितीतरी प्रयोगशाळांत काम आहे. २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश युरोपच्या मर्यादेहून अधिक आढळला आणि निर्यातदारांसह बागायतदारही संकटात सापडले. एका द्रव्याच्या सूक्ष्म अंशावर हंगामाचे भवितव्य ठरते, हा धडा नाशिक भागाला तेव्हा मिळाला. परंतु प्रयोगशाळेतील काम शेतातच सुरू होते हे विसरू नये. मातीचा नमुना घेताना शेतात नागमोडी फिरून दहा-बारा जागा निवडाव्या लागतात. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची, नुकतेच खत पडलेली जागा टाळावी लागते. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा वीतभर खड्डा घेऊन त्याच्या कडेची पातळ चकती काढायची, सगळी माती गोणपाटावर मिसळून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करून ती सावलीत वाळवायची. यांतील एका पायरीत हयगय झाली तर सर्वोत्तम यंत्रही खोटा अहवाल देते, आणि त्या अहवालावर विसंबून शेतकरी खताचा खर्च करतो.

तिसरे क्षेत्र कागदपत्रांचे आहे. वारसनोंद रखडलेली, फेरफार मंजूर नाही, सातबाऱ्यावर पीक चुकीचे चढले, सामाईक खात्यात हिस्सा निघाला नाही, अशा कारणांनी कर्ज, अनुदान आणि पीकविमा अडतो. जेथे विम्याच्या अटींत स्थानिक आपत्तीचा समावेश असतो तेथे नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. पाण्यात उभे पीक पाहणाऱ्या माणसाला ही मुदत आठवण करून देणारे कोणी तरी जवळ हवे. पतीच्या पश्चात ज्या स्त्रीच्या अंगावर शेत, कर्ज आणि मुले एकाच दिवशी येतात, तिचे नाव दप्तरी लागेपर्यंत ती शेतात राबत असूनही सरकारच्या लेखी शेतकरी ठरत नाही. विधी शाखेची पदवी घेतलेल्या एखाद्या मुलीने तालुक्याच्या ठिकाणी बसून अशा स्त्रियांच्या वारसनोंदी पुऱ्या करून देण्याचे काम पत्करले तर तिच्या हातून जे घडेल त्याचे मोल पैशात होणार नाही.

शिक्षणाच्या वाटाही बंद नाहीत. सहकार खात्याची सहकार व लेखा पदविका, जिला लोक ‘जीडीसी अँड ए’ म्हणून ओळखतात, तिची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधरास देता येते, आणि सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे दार तिने उघडते. आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था कुरियन यांनी १९७९ साली स्थापन केली. २०२५ च्या कायद्याने ती त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाली. तेथेही शेतीच्या पदवीची अट नसे. पुण्यात वैकुंठभाई मेहतांच्या नावाची राष्ट्रीय सहकार व्यवस्थापन संस्था आहे. कृषी विज्ञान केंद्रातील विषयतज्ज्ञ किंवा पशुवैद्य होण्यास मात्र त्या त्या विषयाची पदवीच लागते. तेथे आडवाट शोधू नये.

पदवीपेक्षाही आवश्यक अशी एक उमेदवारी आहे, ती म्हणजे गावात काढलेले एक संपूर्ण पीकवर्ष. मृगाच्या पेरणीपासून रब्बीच्या मळणीपर्यंत एकाच गावी राहिल्यावाचून, पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात उसना काढावा लागतो, मजूर केव्हा मिळत नाहीत, वीज रात्री आली तर पाणी कोण धरते, दुबार पेरणीने घराचा हिशेब कसा कोलमडतो, हे समजत नाही. ज्याला हे समजलेले नाही त्याने लावलेली बैठक कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत पडते, आणि कोणी आले नाही म्हणून तो लोकांना उदासीन ठरवतो. या वर्षात आपण काही सुधारावे असा आग्रह धरू नये. काट्यावर वजने लिहावीत, सोसायटीच्या गटसचिवापाशी बसून खतावणी वाचावी, तलाठ्याच्या दारी लोकांबरोबर थांबावे आणि ऐकावे.

ऐकण्याचा हा आग्रह केवळ सौजन्याचा नाही. त्याच्या मुळाशी न्याय आहे. नवे बियाणे, नवे खत, नवी पद्धत यांचा सल्ला देणाऱ्याचा अंदाज चुकला तर त्याचा पगार चालूच राहतो. ज्याच्या रानात तो प्रयोग झाला त्याचे मात्र वर्ष जाते आणि कर्ज राहते. म्हणून शेतकरी नव्या गोष्टीला कचरतो तेव्हा त्याला अडाणी समजणे हा अन्याय आहे. सल्ला द्यायचाच तर आधी चार गुंठ्यांत पाहू असे म्हणावे आणि नुकसानीचा वाटा कोण उचलील हे आधी ठरवावे. याच कारणास्तव आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्रामीण भागात पदवीधरास सहज मिळणाऱ्या पुष्कळशा नोकऱ्या बियाणे, खते, कीटकनाशके विकण्याच्या आहेत. त्या प्रामाणिकपणे करणारी माणसे आहेत आणि त्यांच्या ज्ञानाचा शेतकऱ्याला लाभही होतो. परंतु ज्या नोकरीत विक्रीचे उद्दिष्ट पुरे करण्यावर बढती अवलंबून असते, तेथे ‘या वेळी फवारणी नको’ हा खरा सल्ला देणे जड जाते. आपला धनी कोण, हे अशा वेळी कळते.

अर्थप्राप्तीविषयीही स्पष्ट बोलणे बरे. दहा हजार उत्पादक संस्था उभारण्याच्या केंद्राच्या २०२० च्या योजनेत व्यवस्थापनखर्चासाठी प्रत्येक संस्थेस तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरले. अधिकाऱ्याचा व हिशेबनिसाचा पगार त्यातून भागतो. तीन वर्षांनंतर तो संस्थेच्या उलाढालीतून निघावा लागतो, आणि ज्यांनी त्या मुदतीत व्यवहार वाढवला नाही त्या संस्था नावापुरत्या उरतात. तेव्हा शहरातील वेतनाची तुलना मनात ठेवून येणाऱ्याची निराशा होईल. आपल्या पगाराचा पैसा आपण सभासदांसाठी वाचवलेल्या व मिळवलेल्या पैशातूनच यावयाचा आहे, ही जाणीव मात्र अशा नोकरीला जी प्रतिष्ठा देते ती अन्यत्र दुर्मिळ आहे.

म्हणून नोकरी पत्करण्यापूर्वी प्रत्येकाने चार प्रश्न विचारून घ्यावेत: मला नेमणारे कोण आहेत, संस्थेचा ताळेबंद सामान्य सभासदाला वाचून दाखवला जातो का, अनुदान संपल्यावर काम कशावर चालणार, आणि माझ्या चुकीचा भुर्दंड कोणावर पडणार. उत्तरे समाधानकारक असतील तर घराण्यात शेती नव्हती या गोष्टीचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला शेती करणारी माणसे कमी पडत नाहीत. त्याचे वजन खरे लिहिणारी, त्याची माती नीट तपासणारी, त्याचा अर्ज मुदतीत दाखल करणारी आणि त्याच्या पैशाचा हिशेब त्याच्यापुढे उघडा ठेवणारी माणसे कमी पडतात. ही उणीव भरून काढणे सुशिक्षितांच्या आवाक्यातले आहे, आणि ज्यांना ते करावेसे वाटते त्यांनी आपल्या जवळच्या तालुक्यातील एखाद्या सेवा संस्थेत किंवा उत्पादक कंपनीत येत्या हंगामापासूनच उमेदवारी सुरू करावी.